मोहाळी नाल्याचा नमुना

१

परीक्षानळीत औषधाचे तीन थेंब टाकूनही पाणी गुलाबी झालं नाही.

देवमन तायडेनं नळी खिडकीच्या उजेडात धरली, हलवली, आणखी दोन थेंब सोडले. पाणी होतं तसंच नितळ राहिलं. म्हणजे या पाण्यात कॉस्टिक सोड्याचा अंशही नव्हता.

आणि हे होणं शक्यच नव्हतं.

काल संध्याकाळीच तो अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन आला होता. चिंचजवळ्याची सहा वर्षांची शेवंता तिथं खाटेवर पडून होती. ओठ सोललेले, जीभ पांढरी, थुंकी गिळतानासुद्धा डोळ्यांतून पाणी येत होतं. तिची आई पंचफुला पायथ्याशी बसून होती. डॉक्टर म्हणाले होते, "हे आजारपण नाही, तायडे. पोरीनं जहाल क्षार गिळलाय. कुठून, ते तुम्ही शोधा."

कुठून, हे सगळ्या चिंचजवळ्याला ठाऊक होतं. बार्शीटाकळीच्या वाटेवर गावाच्या वरच्या अंगाला खुशालरावांची सरकीच्या तेलाची गिरणी होती. तेल साफ करायला तिथं कॉस्टिक सोडा लागे. उरलेलं सांडपाणी मोठ्या टाक्यात साठवायचं, ते मोहाळी नाल्यात सोडायचं नाही, आणि आवारातल्या पावसाच्या पाण्याची चारी टाक्यापासून कायम बंद ठेवायची, या अटीवर गिरणीला परवाना मिळाला होता. १९६८ साल होतं. पोळा शुक्रवारी होता. आदल्या दिवशी संध्याकाळी जोराचा पाऊस झाला आणि पोळ्याच्या सकाळी लोक बैल धुवायला नाल्यावर गेले, तर पाण्यावर फेसाचे ढीग तरंगत होते. बैल बिथरून काठावर चढले. पण त्याआधीच शेवंता वाळूत उकरलेल्या झिऱ्याचं पाणी ओंजळीनं प्याली होती.

शनिवारी देवमनच्या सरकारी पाणीतपासणी कार्यालयानं त्याच झिऱ्यातल्या पाण्याचा नमुना आणवला. देवमन तेव्हा कामासाठी अमरावतीला गेलेला. तो काल परतला. मधल्या काळात, रविवारी आणि सोमवारी, पुन्हा पाऊस कोसळला आणि मोहाळीला पूर गेला. झिरे बुजले, वाळू धुऊन निघाली. आता दुसरा नमुना मिळणार नव्हता. जो काही पुरावा होता तो या एका बाटलीत होता, आणि उद्या गुरुवारी अकरा वाजता डेप्युटी कलेक्टरांसमोर गिरणीच्या परवान्याची सुनावणी होती.

देवमननं बाटलीचं बूच पुन्हा पाहिलं. आज सकाळी त्यानंच लाख फोडली होती. कार्यालयाच्या पितळी शिक्क्याचा ठसा तोवर अखंड होता.

मग त्यानं उरलेल्या पाण्याची मिठासाठी तपासणी लावली. नळीतून सिल्व्हर नायट्रेटचे थेंब पडत राहिले. रंग पालटायची वेळ झाली, टळली, तरी पालटेना. अखेर पालटला तेव्हा त्यानं आकडा दोनदा वाचला. मोहाळीच्या पाण्यात मीठ नावालाच असे. या पाण्यात त्याच्या पंधरापट होतं.

असं पाणी बार्शीटाकळीच्या बाजूला कुठल्याच विहिरीला नव्हतं. असं पाणी एकाच पट्ट्यात लागतं. अकोल्याच्या उत्तरेला, पूर्णाकाठच्या खारपाणात, जिथं डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही.

कुणीतरी बाटलीतलं पाणी बदललं होतं. आणि ते करणाऱ्याच्या हातात कार्यालयाचा शिक्का होता.

२

"तायडेसाहेब, निकाल लागला काय?"

दारात चंद्रभान उभा होता, गिरणीचा मॅनेजर. पांढरं धोतर, वर काळा कोट, हातात छत्री. आमंत्रण नसताना तो खुर्चीत बसला.

"उद्या सुनावणीत कळेल," देवमन म्हणाला.

"कळू द्या. आमाले काय भेव आहे? टाक्याच्या झडपेले कुलूप आहे आन् त्याची किल्ली चोवीस तास या कमरेले असते." त्यानं कोट बाजूला सारून करदोड्याला बांधलेली किल्ली दाखवली. "खुद्द मालकायलेबी देत नाही मी. गरिबाच्या पोरीनं घरी काहीबाही खाल्लं, त्याले गिरणी काय करन?"

"नमुना घेतला तेव्हा तुम्ही हजर होता?"

"सूर्यभाननं माह्यासमोर झिऱ्यातून बाटली भरली. लाख वितळवायले दिवा पाह्यजे म्हणून माह्या कचेरीत आला. लाख लावली, शिक्का मारला, मी सही केली. चहा पाजला त्याले आन् धाडून देल्ला."

"गिरणीत प्यायला पाणी कुठलं?"

चंद्रभान हसला. "आमच्या विहिरीचं. अमृत आहे. खारं पाणी असतं तर बॉयलर सडून गेला असता."

तो गेल्यावर देवमननं सगळं पुन्हा जुळवून पाहिलं. लाख चंद्रभानच्या कचेरीत लागली होती, तेव्हा संशय त्याच्यावरच जात होता. पण पाणी बदलायचं असतं तर त्यानं विहिरीचंच भरलं असतं. पूर्णाकाठचं पाणी गिरणीत येणार कुठून?

नमुन्याची बाटली आणखी दोघांच्या हातून गेली होती. एक सूर्यभान, नमुने गोळा करणारा शिपाई. तो कालपासून रजेवर होता. दुसरे हेडक्लार्क महादेवराव. आलेली बाटली वहीत नोंदवून कपाटात ठेवणं आणि शिक्का परत घेणं हे त्यांचं काम.

देवमननं वही उघडली. महादेवरावांच्या वळणदार अक्षरात नोंद होती: मोहाळी नाला, बाटली एक, शिक्का एक, जमा शनिवार सायंकाळी पाच.

म्हणजे सूर्यभान शनिवारीच मोकळा झाला होता. त्यानंतर बाटली आणि शिक्का दोन्ही एकाच माणसाच्या ताब्यात होते. आणि महादेवरावांचं गाव खारपाणात होतं.

३

महादेवरावांनी हातातला टाक खाली ठेवला आणि चष्मा काढला.

"म्हणजे तुमचा वहीम माझ्यावर आहे."

"मी विचारतोय फक्त."

"विचारा ना. खुशालरावाच्या घरी मी जेवलो आहे, ते लपवत नाही. पन्नास लोक जेवले." त्यांचा आवाज चढला तशी बोली बदलली. "पन मले एक सांगा, तायडे. त्या खाऱ्या पान्यात जन्म गेला माह्या. पाहुना आला का पयले माफी मागतो आमी आन् मंग गिलास देतो. इथं तुमच्या हाताखाली बसून मी आठ वर्सं मिठाचे आकडे उतरवून रायलो. पानी बदलाचं असतं तर मी थे खारं पानी भरलं असतं? इथं नळ नाही काय?"

माणूस खरं बोलत होता. मीठ मोजलं जातं हे ज्याला ठाऊक, तो खारं पाणी भरणार नाही.

"उलट मी तर दर शनिवारी इथून गोडं पानी घेऊन जातो," महादेवराव कोपऱ्यातल्या दोन पत्र्याच्या डब्यांकडे बोट करून म्हणाले. "माय सत्त्याहत्तर वर्सांची आहे. तिच्यानं थे पानी आता पचत नाही. तीनची मोटार चुकली का तिचा रविवार उपाशी. आजपरेंत एकदाबी चुकली नाही."

"माफ करा, महादेवराव," देवमन म्हणाला आणि उठला.

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर तो थांबला. मग दोन-दोन पायऱ्या चढत वर आला.

"तीनची मोटार?"

महादेवरावांचा चेहरा उतरला.

"शनिवारी तुम्ही तीनच्या मोटारीत होता. मग पाच वाजता बाटली कोणी घेतली?"

बाहेर व्हरांड्यात कुणीतरी खाकरलं. महादेवरावांनी उठून दार लोटलं.

"सोमवारी सकाळी दिली त्यानं," ते हळूच म्हणाले. "दहा वाजता. शिक्काबी तेव्हाच. मी शनिवारी वेळेआधी गेलो होतो, वरून विचारलं असतं तर जवाब नव्हता. म्हणून शनिवारची नोंद केली. त्यालेबी चाललं. मले वाटलं, गरीब माणूस, माह्यावर उपकार करून रायला."

शनिवारपासून सोमवारपर्यंत बाटली, लाख आणि शिक्का सूर्यभानच्या पिशवीत होते.

४

मोर्णा नदीचा पूल ओलांडून देवमन जुन्या शहरात शिरला तेव्हा ऊन कडक झालं होतं. या बोळात तो लहानपणापासून येत होता. सूर्यभान त्याच्या वडिलांच्या वयाचा. छप्पन साली नागपूरला दीक्षेला गेले तेव्हा तो आणि वडील रेल्वेच्या एकाच डब्यात होते. देवमन बी.एस्सी. झाला त्या दिवशी सूर्यभाननं अख्ख्या वस्तीत पेढे वाटले होते. पुढं देवमन त्याच्याच कार्यालयात साहेब म्हणून आला, तर हा माणूस रोज उठून उभा राही. देवमननं कितीदा सांगितलं, तरी राही.

त्याच्या मनात एकच होतं. हे सूर्यभानकाका नसावेत.

दुर्गाबाई, सूर्यभानची बायको, ओसरीवर तुरी निवडत होती.

"बस, देवमन. थे नाहीत घरी. काटखेडले गेले, वच्छलीकडे. जवायाचे पाय भाजले ना."

काटखेड. पूर्णेच्या काठावर. म्हणजे खारपाणातच.

"कसे भाजले, काकू?"

"पोयाच्या सणाची कढई होती म्हनते. तेल सांडलं दोन्ही पायावर."

"निरोप कधी आला?"

"पोयाच्याच दिशी, सकाळी. पयल्या मोटारीनं मानूस आला होता. म्या तं चूलबी पेटवली नवती."

देवमननं मान वर केली. "आणि तिकडं वच्छलानं त्याच्याआधी कढई चढवली?"

दुर्गाबाईचा हात सुपात थांबला. तिनं हा विचारच केला नव्हता.

"काका पहिल्यांदा कधी गेले तिकडे?"

"शनवारी. गिरणीवरून परभारे गेले. सोमवारी सकाळी आले, हापिसात गेले, कालच्या दिशी पुना गेले." ती त्याच्याकडे बघत राहिली. "काहून रे? काय झालं?"

"जावई काय काम करतो, काकू?"

"धर्मपाल? थो गिरणीत आहे ना. खुशालरावाच्या. टाक्यावर."

५

काटखेडला मोटार पोचली तेव्हा चार वाजून गेले होते. वच्छलानं दारात त्याला ओळखलं, आत घेतलं आणि पाण्याचा पेला पुढं केला.

"आमचं पानी गोड नाही, दादा."

देवमननं एक घोट घेतला. सकाळी नळीत मोजलेलं मीठ आता जिभेवर आलं.

आतल्या खोलीत धर्मपाल खाटेवर पडला होता, पंचविशीतला धडधाकट गडी. दोन्ही पाय ओल्या फडक्यात. बाजूला जमिनीवर सूर्यभान बसला होता. देवमनला पाहून तो सवयीनं उठून उभा राहिला आणि मग तसाच उभा राहिला.

देवमननं फडकं बाजूला केलं. कातडी घोट्याच्या वर बोटभरापर्यंत सोलली होती आणि तिथं सरळ रेघ होती. दोन्ही पायांना सारखी.

"तेल सांडलं तर शिंतोडे उडतात," तो म्हणाला. "हा माणूस कशाततरी उभा होता."

तो सूर्यभानकडे वळला.

"काका, शनिवारी बाटली घेऊन तुम्ही इथं आलात."

"म्याच वतलं थे पानी," सूर्यभान म्हणाला. आवाज स्वच्छ होता, जणू विचारायचीच वाट पाहत होता. "अंगनात. आन् इथल्याच माठातलं भरलं. लाख होती, शिक्का होता. पोराचे पाय पायले आन् मले काही सुदरलं नाही. गिरणीचं पानी सापडलं असतं तं पयले कोनाले धरलं असतं? मालकाले? याले धरलं असतं, देवमन. झडप यानं उघडली."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"चंद्रभानच्या," धर्मपाल खाटेवरून म्हणाला. "टाकं तुडुंब भरलं होतं. बेस्तरवारी पाऊस लागला, तसा म्हणे, आता सोडून दे, पावसात वाहून जाते, कोनाले मायत पडत नाही. किल्ली त्यानंच देल्ली. झडप अटकली होती. मी चारीत उतरून फिरवली, तं एकदम सुटली पायावर. मंग म्हणे, घरी जाय, कढईनं भाजलं म्हनून सांगजो."

"आणि खाली झिऱ्यावर लोक पाणी भरतात, हे?"

"पूर येनार होता ना. मले वाटलं, पुरासंगं जाईन."

"पूर रविवारी आला. शुक्रवारी नाल्यात घोट्यापर्यंतच पाणी होतं." देवमन खाटेच्या कडेवर बसला. त्याला मोठ्यानं बोलायचं नव्हतं, तरी आवाज चढला. "शेवंता नावाची पोट्टी आहे, सहा वर्षांची. दवाखान्यात आहे. घसा आतून जळला तिचा. पाच दिवस झाले, पाणी गिळता येत नाही."

सूर्यभाननं भिंतीला हात लावला. "मले कोनी सांगतलं नाही," तो म्हणाला. "बैल बिथरले, येवढंच आयकलं होतं म्या."

"कोनाची शेवंता?" धर्मपालनं विचारलं. "पंचफुलाबाईची?"

"ओळखतोस?"

"दुपारी तिच्याच घरी भाकर खातो मी. थे पोट्टीच पानी आनून देते."

त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. वच्छला दारात उभी होती. ती आत आली नाही.

परतीची मोटार सहाला होती. निघताना देवमन सूर्यभानला म्हणाला, "उद्या अकराला मी सांगणार, बाटली खोटी आहे. कोणी बदलली असं विचारलं तर मला नाव घ्यावं लागेल. तुमची नोकरी जाईल, काका. पण नुसत्या माझ्या बोलण्यानं गिरणीवर काही सिद्ध होणार नाही. ते फक्त धर्मपाल सांगू शकतो. त्याला ओढून न्यायला मी आलो नाही."

फाट्यापर्यंत पोचवायलाही सूर्यभान आला नाही.

६

सुनावणीची खोली गच्च भरली होती. पुढच्या बाकावर खुशालराव, भारदस्त, हातात चांदीच्या मुठीची काठी. शेजारी चंद्रभान आणि वकील. मागं चिंचजवळ्याचे लोक भिंतीला टेकून उभे. पंचफुला दाराजवळ बसली होती.

वकिलांनी आधी सरपंच नत्थुजींना उभं केलं. नत्थुजींनी सांगितलं की गावात कोणी आजारी नाही, गावच्या विहिरीचं पाणी चांगलं आहे, गिरणीमुळे चाळीस घरं जगतात.

मग डेप्युटी कलेक्टर देवमनकडे वळले. "नमुन्याचा निकाल?"

"पाण्यात कॉस्टिक सोडा नाही, साहेब."

मागं कुजबुज उठली. खुशालरावांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. चंद्रभान हसला.

"पण हे पाणी मोहाळीचं नाही."

त्यानं आकडे सांगितले. खारपाण सांगितलं. गिरणीत हे पाणी का असू शकत नाही ते सांगितलं. वहीतली नोंद पुढं ठेवली, तेव्हा महादेवराव बोलावण्याआधीच उभे राहिले.

"नोंद खोटी आहे, साहेब. अक्षर माझं आहे."

"मग बाटली कोणी बदलली?" डेप्युटी कलेक्टरांनी विचारलं.

देवमननं दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. काटखेडची मोटार साडेदहाला येऊन गेली असणार.

"तायडे, मी प्रश्न विचारला आहे."

"आमच्या कार्यालयाचा शिपाई," देवमन म्हणाला. "सूर्यभान..."

"हाजर आहे, साहेब."

व्हरांड्यातली माणसं बाजूला सरली. सूर्यभान आत आला. त्याच्या पाठीवर धर्मपाल होता, दोन्ही हात सासऱ्याच्या गळ्यात, फडक्यात गुंडाळलेले पाय लोंबकळत. साठीच्या माणसाचा श्वास भात्यासारखा चालला होता. मोटार मोर्णेपलीकडंच बंद पडली होती. तिथून तो चालत आला होता.

त्यानं धर्मपालला बाकावर बसवलं आणि स्वतः उभा राहिला. जे केलं ते चार वाक्यांत सांगितलं. मग धर्मपालनं सांगितलं.

"खोटं आहे!" चंद्रभान ओरडला. "यानं आपल्या मनानं झडप उघडली असन!"

"कुलूप कशानं उघडलं?" देवमननं विचारलं. "किल्ली चोवीस तास तुमच्या कमरेला असते. मालकांनासुद्धा देत नाही, असं तुम्हीच काल मला म्हणालात. कुलूप तुटलेलं नाही. मग किल्ली याच्या हातात कोणी दिली?"

चंद्रभानचा हात आपोआप कमरेकडे गेला आणि तिथंच राहिला. खुशालरावांनी त्याच्याकडे पाहिलं. "सांग ना," ते म्हणाले. चंद्रभाननं वकिलांकडे पाहिलं. मग खुशालराव स्वतःच खाली बघू लागले, आणि डेप्युटी कलेक्टरांनी तेही टिपून घेतलं.

निकाल लिहायला कागद पुढं ओढला गेला तेव्हा देवमन म्हणाला, "साहेब, एक प्रश्न उरला आहे. सरपंचांना विचारू द्या."

"विचारा."

"नत्थुजी, गावच्या विहिरीचं पाणी चांगलं आहे म्हणालात. मग ही पोरगी नाल्यात झिरा उकरून काहून पानी पेली?"

नत्थुजींनी टोपी नीट केली. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं आणि ते या खोलीत आजवर कोणी मोठ्यानं बोललं नव्हतं.

"पोरीच्या आईलाच विचारतो," डेप्युटी कलेक्टर म्हणाले. "बाई, का?"

पंचफुला उठली. "आमाले विहिरीवर चढू देत नाहीत, साहेब," ती म्हणाली. "म्हनून नाला."

लेखणी कागदावर चालू लागली, आणि बराच वेळ चालली.

७

गिरणीत तेल साफ करायचं काम बंद झालं. टाकं आणि पावसाची चारी यांच्यामध्ये पक्की भिंत उभी राहीपर्यंत परवाना तहकूब राहिला. घाणे मात्र चालू राहिले, त्यामुळं हमालांचं काम सुटलं नाही. चंद्रभानवर खटला भरला गेला, खुशालरावांना त्यात साक्षीला बोलावलं. महादेवरावांची बढती थांबली. सूर्यभानला नोकरीवरून काढलं. त्या कागदावर खाली सही देवमनची होती. त्यानंतर दुर्गाबाईनं त्याला कितीतरी महिने बस म्हटलं नाही.

सुनावणीनंतर पंधरा दिवसांनी देवमन स्वतः पिशवी घेऊन चिंचजवळ्याला गेला. मोहाळीचं पाणी निवळलं होतं. त्यानं तीन ठिकाणी बाटल्या भरल्या, लाख लावली. परतताना गावच्या विहिरीवर त्याला पंचफुला दिसली. काठावर उभी राहून ती पोहरा ओढत होती. पलीकडं दोन बाया आपल्या घागरी आवरून लांब उभ्या होत्या. तहसीलचा एक शिपाई झाडाखाली बसला होता. त्या निकालापासून तो रोज येऊन बसत असे.

"शेवंता?" देवमननं विचारलं.

"दूध गिळते आता. चमच्यानं. बोलते, पन आवाज घोगरा आला." तिनं पोहरा काठावर टेकवला. "दादा, थांबा जरासे. याचंबी पानी तपासून द्या."

"हे तर चांगलं आहे म्हणतात सगळे."

"म्हनतात," पंचफुला म्हणाली. "आमी आतापरेंत कधी पेलो होतो? तुमी पाहा आन् मले सांगा."

देवमननं पिशवीतून रिकामी बाटली काढली. तिनं ती त्याच्या हातून घेतली, पोहऱ्यातल्या पाण्यानं दोनदा विसळली आणि आपल्या हातानं काठोकाठ भरून दिली.